श्रेयनामावलीतील रिकामी जागा

कोनामी या जपानी कंपनीने सप्टेंबर १९८६ मध्ये एक व्हिडिओ गेम बाजारात आणला. जपानबाहेर तो 'कॅसलव्हेनिया' या नावाने ओळखला जातो. हाती चाबूक घेतलेला नायक ड्राक्युलाच्या गढीत शिरतो, एकामागून एक दालने पार करीत वर चढतो आणि शेवटी ड्राक्युलाचा निःपात होताच ती गढी ढासळू लागते. त्यानंतर चित्रपटाच्या अखेरीस यावीत तशी नावे पडद्यावर सरकतात. दिग्दर्शन, ट्रान्स फिशर्स. पटकथा, व्हरॅम स्टोकर. संगीत, जेम्स बनाना. ड्राक्युलाच्या भूमिकेत ख्रिस्तोफर बी, मृत्यूच्या भूमिकेत बेलो लुगोसी, फ्रँकेन्स्टाइनच्या भूमिकेत बोरिस कार्लोफिस.

जुन्या भयपटांशी ज्याचा थोडाफार परिचय आहे त्याला ही गंमत चटकन उमगते. टेरेन्स फिशर, ब्रॅम स्टोकर, ख्रिस्तोफर ली, बेला लुगोसी आणि बोरिस कार्लोफ या नावांची ही विडंबने आहेत. १९५८ च्या ब्रिटिश 'ड्राक्युला'चा संगीतकार जेम्स बर्नार्ड याचे येथे केळे झाले आहे. पडद्यावरील चित्र साठवणाऱ्या संगणकीय स्मृतीस 'व्हीरॅम' म्हणतात, हे लक्षात घेतले तर 'व्हरॅम स्टोकर' या नावात आणखी एक श्लेष वाचता येतो. आंतरसंहितात्मकतेचे उदाहरण म्हणून ही यादी कोणत्याही अभ्यासवर्गात उपयोगी पडावी. मात्र तिच्यात एक गोष्ट नाही. ज्यांनी हा खेळ घडवला त्यांच्यापैकी एकाचेही नाव तिच्यात नाही.

येथे श्रेयनामावलीचा केवळ अभाव असता, तर तो अभाव म्हणून तरी ओळखता आला असता. परंतु येथे नामावली आहे, तिचा क्रम आहे, तिचे संगीत आहे, आणि ती ज्यांच्याकडे निर्देश करते ती माणसे या खेळाशी सर्वस्वी असंबद्ध आहेत. जिवंत कर्त्यांच्या जागी, बहुतांशी दिवंगत झालेल्या, परक्या देशातील कलावंतांची वाकवलेली नावे बसवली आहेत. रिकामी जागा अशा रीतीने भरली गेली की ती रिकामी आहे हे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आज या खेळाच्या संगीताबद्दल किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा ही नावे घेतली जातात आणि दिग्दर्शक म्हणून हितोशी आकामात्सु यांचे. यामाशिता त्या वर्षी नुकत्याच शिक्षण संपवून कंपनीत दाखल झालेल्या होत्या. एका इंग्रज पुरुषाच्या विडंबित नावामागे दोन जपानी तरुणी होत्या, हा शोध ज्यांना लागला त्यांनी तो समीक्षेच्या कोणत्याही सिद्धान्ताच्या आधारे लावलेला नाही. त्यांनी जुन्या लोकांना पत्रे लिहिली, त्यांच्या भेटी घेतल्या, याद्या ताडून पाहिल्या.

अशा शोधाकडे साहित्यसमीक्षेने काहीशा संकोचाने पाहावे, हे स्वाभाविकच आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७-६८ च्या सुमारास लेखकाचा मृत्यू जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी मिशेल फूको यांनी 'लेखक म्हणजे काय?' असा प्रश्न उभा करून लेखक ही व्यक्ती नसून संहितांचे वर्गीकरण करणारे, त्यांचा प्रसार नियंत्रित करणारे एक प्रकार्य आहे, असे प्रतिपादन केले. तेव्हापासून संहितेमागे कोण आहे असे विचारणारा वाचक थोडासा भाबडा ठरत आला आहे. आपल्याकडेही हा विचार रुजला आणि चरित्रात्मक समीक्षेच्या सुस्त सवयींवर त्याने चांगला उतारा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु फूको यांच्या मांडणीतील एक भाग सहसा कमी उद्धृत होतो. काही मजकुरांना 'लेखक' असतो, काहींना केवळ लिहिणारा किंवा हमी देणारा असतो, असा भेद ते करतात. खासगी पत्राला सही असते, करारनाम्याला जामीनदार असतो, लेखक नसतो. म्हणजे लेखकपद ही समाजाने काही मजकुरांना बहाल केलेली आणि इतरांना नाकारलेली प्रतिष्ठा आहे. ती नाकारण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

१९८० च्या दशकातील जपानी खेळांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बरेचसे उघड आहे. कंपन्यांना आपली कुशल माणसे प्रतिस्पर्धी पळवून नेतील अशी भीती होती. नाव छापले की पत्ता दिल्यासारखेच. म्हणून नाव द्यायचे नाही. द्यायचेच तर टोपणनाव द्यायचे. लेखकाचा मृत्यू येथे वाचकाच्या मुक्तीसाठी घडून आलेला नाही. तो नोकरीच्या अटींत समाविष्ट होता.

कायद्यानेही त्याला आधार दिला. जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमानुसार, संस्थेच्या पुढाकाराने कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात निर्माण केलेल्या आणि संस्थेच्या नावे प्रसिद्ध होणाऱ्या कृतीचा कर्ता, वेगळा करार नसल्यास, ती संस्थाच असते. मालक नव्हे, कर्ता. १९८५ मध्ये संगणकीय प्रोग्रॅमांसाठी या कलमात जी भर घालण्यात आली, तिच्यात संस्थेच्या नावे प्रसिद्ध होण्याची अटसुद्धा उरली नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते, परंतु लेखक हा लिहिणारा माणूसच राहतो आणि आपले कर्तृत्व सांगण्याचा त्याचा अधिकार कलम ५७ खाली शिल्लक असतो. हा फरक वकिली वाटेल. पण 'लेखक-प्रकार्य' या संज्ञेचा एवढा नेमका, एवढा निर्विकार अनुवाद कोणत्याही सिद्धान्तग्रंथात सापडणार नाही. कागदावर कंपनीच कल्पना करते आणि कंपनीच सूर रचते.

या सर्वाचे स्पष्टीकरण 'जपानी समूहभावना' या एका शब्दात देऊन मोकळे होण्याची प्रथा आहे. ती आळशी प्रथा आहे. अमेरिकेत अटारी कंपनी आपल्या प्रोग्रॅमरांची नावे देत नसे. म्हणूनच वॉरन रॉबिनेट याने 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात एक गुप्त दालन ठेवून त्यात आपले नाव लिहिले. म्हणूनच १९७९ मध्ये काही प्रोग्रॅमर तेथून बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही, खोक्यावर कर्त्याचे नाव छापणारी कंपनी काढली. उलट जपानमध्ये, 'कॅसलव्हेनिया' निघाला त्याच १९८६ साली एनिक्स या कंपनीने 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये युजी होरी, आकिरा तोरियामा, कोइची सुगियामा आणि कोइची नाकामुरा यांची नावे राजरोस दिली. तोरियामा आणि सुगियामा अगोदरच प्रसिद्ध होते; त्यांच्या नावाला बाजारात मोल होते. ज्याचे नाव विकले जाते त्याला लेखकपद मिळते आणि ज्याचे कौशल्य पळवले जाऊ शकते त्याला टोपणनाव, असा हा व्यवहार होता. संस्कृतीपेक्षा हिशेबाचा भाग त्यात अधिक होता.

तरीही जपानी रंगभूमीतील एक संकेत येथे आठवल्यावाचून राहत नाही. बुनराकु या बाहुलीनाट्यात एक मोठी बाहुली तिघे मिळून हलवतात. मुख्य सूत्रचालक अनेकदा उघड्या चेहऱ्याने वावरतो. डावा हात आणि पाय सांभाळणारे दोघे काळ्या बुरख्यात असतात. प्रेक्षकांना ते दिसतात, पण पाहायचे नाहीत असा करार झालेला असतो. शिगेरु मियामोतो यांचे नाव आज जगभर उच्चारले जाते. त्यांनी कल्पिलेला 'डाँकी काँग' हा १९८१ चा खेळ प्रत्यक्ष संगणकीय भाषेत उतरवला तो मात्र इकेगामी त्सुशिन्की या वेगळ्याच कंपनीच्या लोकांनी. खेळाच्या चिपमध्ये त्यांनी एक इंग्रजी मजकूर दडवून ठेवला. खेळ कितीही निगुतीने खेळला तरी तो पडद्यावर कधीच उमटत नाही; प्रोग्रॅम उकलून त्याची अक्षरे वाचणाऱ्यालाच तो दिसतो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो वाचकाचे अभिनंदन करतो, हा प्रोग्रॅम समजण्यास अवघड जात असेल तर आम्ही शिकवू असे सांगतो, आणि पुढे दूरध्वनीचा क्रमांक, कार्यालयातील विस्तार क्रमांक आणि 'सिस्टिम डिझाइन, इकेगामी' अशी ओळख देतो.

हा मजकूर कोणाला उद्देशून आहे? खेळणाऱ्याला नाही. निन्टेन्डोलाही उघडपणे नाही. अजून अस्तित्वात नसलेल्या, पण पुढेमागे येईलच अशा एका जाणत्या वाचकासाठी तो लिहिलेला आहे. मग तो वाचक नक्कल करायला आलेला चोर असो की समव्यवसायी. अभिप्रेत वाचकाची इतकी काटेकोर कल्पना भल्याभल्या कादंबरीकारांना करता आलेली नाही. आणि तो वाचक लवकरच आला. पुढल्या वर्षीच्या 'डाँकी काँग ज्युनियर'साठी मूळ खेळाचा प्रोग्रॅम दुसऱ्यांकडून उकलून घेण्यात आला. १९८३ मध्ये इकेगामीने निन्टेन्डोवर दावा लावला. १९९० मध्ये तडजोड झाली.

या प्रकरणाची हकिगत सांगताना मोठ्या कंपनीने छोट्या कंपनीवर केलेल्या अन्यायापाशी थांबण्याचा मोह होतो. परंतु त्या दडवलेल्या मजकुराकडे पुन्हा पाहिले तर त्यातही माणसाचे नाव नाही, हे लक्षात येते. कोणी पाहणार नाही अशा जागी, कोणाची परवानगी न घेता सही करण्याची संधी मिळाली तेव्हाही त्या लोकांनी कंपनीचीच सही केली आणि स्वतःची खूण म्हणून एक विस्तार क्रमांक ठेवला. दूरध्वनीच्या एका विशिष्ट मेजाशी जोडलेला क्रमांक. अनामिकतेची सवय अंगात किती मुरलेली होती, याचा याहून करुण पुरावा शोधून सापडणार नाही.

मराठी वाचकाजवळ या प्रकारासाठी 'नाममुद्रा' हा शब्द आहे आणि तो येथे उपयोगी पडतो, कारण मुद्रा म्हणजे निव्वळ नाव नव्हे. ती संहितेच्या आत, तिच्या रचनेचा भाग होऊन येते. संहिता कोणाची हे सांगते आणि अनेकदा फसवतेही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग 'नामा' या समान मुद्रेमुळे कसे मिसळून गेले, हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. जपानी खेळांतील मुद्रांचीही अशीच गुंतागुंत आहे. १९८६ च्या 'झेल्डा'च्या शेवटी निर्माता आणि दिग्दर्शक म्हणून 'एस. मियाहोन' हे नाव येते. हे मियामोतोच. त्यांच्या आडनावातील दुसऱ्या चिन्हाचा उच्चार 'मोतो'ही होतो आणि 'होन'ही. म्हणजे लिपीच्या दृष्टीने हे वाचन चुकीचे नाही. फक्त त्या नावाचा माणूस अस्तित्वात नाही. त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका हे 'तेन तेन' होतात, संगीतकार कोजी कोंदो 'कोन्चान' होतात, प्रोग्रॅम लिहिणारे तोशिहिको नाकागो 'नाकाझू' होतात. नाकागो हे तर निन्टेन्डोचे नव्हेतच. ते एसआरडी या सहयोगी कंपनीचे प्रमुख होते. 'मारिओ'च्या निर्मितीतील या कंपनीचा वाटा अनेक वर्षे विशेषज्ञांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हता आणि ती निन्टेन्डोच्या मालकीची झाली ती २०२२ मध्ये.

नाम्कोच्या 'झेव्हियस' या खेळात आरंभीच एका ठराविक ठिकाणी बाँब टाकत राहिले की हा प्रोग्रॅम 'एव्हेझू'चा आहे अशी ओळ उमटते. हे मासानोबु एंदो यांचे टोपणनाव. कॅपकॉमच्या खेळांत तर टोपणनावांची जत्राच भरलेली दिसते. 'मेगा मॅन'च्या संगीतकार मानामी मात्सुमाए या 'चान्चाकोरिन मानामी', दुसऱ्या भागाचे संगीतकार ताकाशी ताते‌इशी हे 'ओगेरेत्सु-कुन', म्हणजे अश्लीलराव म्हणावे तसे काहीतरी. १९८७ च्या 'स्ट्रीट फायटर'चे दोन सूत्रधार ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो हे 'पिस्टन ताकाशी' आणि 'फिनिश हिरोशी' या मुष्टियोद्ध्यांना शोभतील अशा नावांनी वावरतात. ज्या पळवापळवीच्या भीतीपोटी ही सोंगे काढली, ती पळवापळवी व्हायची ती झालीच: हे दोघेही पुढे एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले आणि 'फेटल फ्युरी' घडवून त्यांनी जुन्या खेळाला तोडीस तोड उभी केली. ज्यांना माणूस न्यायचा होता त्यांना नाव ठाऊक होते. अंधारात राहिला तो खेळणारा.

या सोंगांत खेळकरपणा आहे हे मान्य केले पाहिजे. बंदी घालणाऱ्याला वाकुल्या दाखवण्याची ती एक रीत होती आणि ती माणसे तरुण होती. परंतु खेळकरपणाला स्वेच्छेचे प्रमाणपत्र समजणे चूक होईल.

मग ही माणसे ओळखतात कशी? पद्धती पाहिल्या तर हस्तलिखितांच्या अभ्यासकाला घरी आल्यासारखे वाटेल. त्या काळच्या यंत्रांत ध्वनी निर्माण करणारा प्रोग्रॅमचा भाग प्रत्येक कंपनी स्वतः लिहीत असे आणि एकदा लिहिला की खेळामागून खेळात तोच वापरत असे. खोक्यावर प्रकाशकाचे नाव काहीही असो, आत तो ओळखीचा ध्वनिभाग सापडला की खरी कार्यशाळा कोणती याचा सुगावा लागतो. लेखनिकाचे वळण ओळखून पोथीची परंपरा ठरवावी, तसेच हे. अक्षरांच्या आकृत्या, माहिती साठवण्याची पद्धत, चुकून राहून गेलेला निरुपयोगी मजकूर, उच्चांकांच्या तक्त्यात आधीपासून भरलेली तीन-तीन अक्षरी आद्याक्षरे या सर्वांची अशीच साक्ष काढली जाते. पोथीच्या अभ्यासकाला समासातील डागही बोलका वाटतो. येथे डाग म्हणजे न पुसलेली बाइट.

हा अभ्यास कार्यशाळेपर्यंत पोहोचवतो, माणसापर्यंत क्वचितच. क्योतोमध्ये १९७९ मध्ये स्थापन झालेल्या टोसे या कंपनीने हजारांहून अधिक खेळांच्या निर्मितीत हातभार लावला आणि पडद्यामागे राहणे हेच आपले धोरण मानले. इतरांच्या नावाने प्रसिद्ध होणारे लेखन करून देणाऱ्या लेखणीबहाद्दराचा व्यवसाय तिने कारखान्याच्या प्रमाणावर उभारला. एखादा खेळ टोसेचा आहे हे सिद्ध करता येते. टोसेतील कोणाचा, हे सांगायला कोड असमर्थ असतो. कोनामीच्या संगीतविभागाने 'कुकेइहा क्लब' आणि टाइटोच्या विभागाने 'झुन्ताता' अशी सामूहिक नावे घेतली, त्यांच्या आत शिरतानाही हीच भिंत आडवी येते. तेथून पुढे स्मृतीवर भिस्त ठेवावी लागते. जॉन श्चेपान्याक यांनी जपानभर फिरून मुलाखतींचे तीन खंड २०१४ पासून प्रसिद्ध केले. त्यांत अशा कितीतरी माणसांना प्रथमच स्वतःच्या नावाने बोलता आले. परंतु तीस वर्षांनंतरची स्मृती ही स्वतःच एक संहिता असते. आपण केले नाही ते आपले वाटू लागते आणि केले ते विसरले जाते. शिवाय एका नावाला प्रसिद्धी मिळाली की आसपासच्या सर्व अनाथ रचना त्याच्याकडे ओढल्या जातात. समूहात दोन नावे असली आणि एकच ठाऊक असले की सगळे श्रेय त्या एकाचे होते. तेराशिमा यांचे नाव यामाशितांच्या नावाच्या तुलनेत आजही किती कमी उच्चारले जाते, ते पाहावे. म्हणजे अनामिकता दूर करणारे संशोधन नवी अनामिकता निर्माण करू शकते. या क्षेत्रातील काही मंडळी उत्साहाच्या भरात हा धोका विसरतात, अशी शंका घेण्यास जागा आहे.

याहून नाजूक प्रश्न निराळाच आहे. काहींना सापडायचेच नसते. चाळीस वर्षांपूर्वी दोन-तीन वर्षे केलेली नोकरी, त्यानंतर सर्वस्वी वेगळे आयुष्य. आणि एके दिवशी परदेशातील कोणी अनोळखी माणूस विचारतो की अमुक खेळातील अमुक सूर आपलाच काय. हा प्रश्न काहींना उशिरा मिळालेला न्याय वाटतो आणि काहींना घुसखोरी. संशोधकाच्या बाजूने असे म्हणता येईल की कंपनीने लादलेले मौन आणि माणसाने निवडलेले मौन यांत भेद करण्यासाठी आधी त्या माणसापर्यंत पोहोचावेच लागते. दारावर थाप दिल्याशिवाय आत कोणी आहे की नाही, आणि असेल तर त्याला दार उघडायचे आहे की नाही, हे कळत नाही. हा युक्तिवाद खरा आहे आणि पुरेसा नाही. 'नको' असे उत्तर आल्यावर नोंदवहीत काय लिहायचे? कर्ता अज्ञात असे लिहिणे खोटे. नाव लिहिणे विश्वासघात. कर्ता ज्ञात आहे आणि नाव देण्यास त्याची अनुमती नाही, एवढेच लिहिणे शक्य आहे. मात्र अशी नोंद करण्यासाठी आपण शोधले हे सिद्ध करण्याची हाव सोडावी लागते आणि ती सोडणे हौशी संशोधकाला सर्वांत जड जाते, कारण त्याच्याही श्रमांवर कोणाची सही नसते.

वाचनात या नावांनी काय फरक पडतो, असा आक्षेप उरतोच. 'कॅसलव्हेनिया'चे संगीत कोणी रचले हे कळल्याने त्याचा एकही स्वर बदलत नाही. हे खरे, पण त्या एका वर्षाच्या पलीकडे पाहिले की फरक दिसू लागतो. मात्सुमाए, यामाशिता, 'झेव्हियस'चे संगीत रचणाऱ्या युरिको केइनो, 'स्ट्रीट फायटर २'च्या योको शिमोमुरा ही नावे एकत्र ठेवली म्हणजे लक्षात येते की या काळातील जपानी खेळांच्या संगीताचा फार मोठा आणि फार चांगला भाग स्त्रियांनी रचला आहे. जेम्स बनाना जोवर जेम्स होता तोवर हे विधान करताच येत नव्हते. येथे कर्त्याचे नाव अर्थावर कुंपण घालत नाही. ते नसल्यामुळे इतिहासाचा एक प्रश्न विचारण्याजोगाच नव्हता. बार्थ यांच्या लेखकाला एकदा सिंहासन मिळालेले होते, म्हणून त्याचा मृत्यू साजरा करता आला. यामाशितांना ते मिळालेच नव्हते.

हा सगळा जुन्या काळचा प्रकार म्हणून बाजूला ठेवण्याचीही सोय नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये निन्टेन्डोने 'मेट्रॉइड प्राइम' या २००२ च्या खेळाची नव्याने सजवलेली आवृत्ती काढली. मूळ खेळ टेक्सासमधील रेट्रो स्टुडिओजने घडवला होता. नव्या आवृत्तीच्या नामावलीत त्या मूळ चमूतील व्यक्तींची नावे दिली नाहीत. मूळ निर्मात्यांच्या कामावर आधारित, अशी एक ओळ घातली. त्या निर्मात्यांपैकी काहींनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली आणि त्यांना ती करता आली, कारण २००२ च्या खेळाच्या अखेरीस त्यांची नावे आधीच उमटलेली होती. कोणालाही दोन याद्या शेजारी ठेवून पाहता येत होत्या. १९८६ च्या खेळाच्या बाबतीत शेजारी ठेवायला दुसरी यादी नाही. 'कॅसलव्हेनिया' २०१९ मध्ये एका संग्रहात पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हाही गढी ढासळल्यावर संगीत जेम्स बनाना यांचेच होते.